ओरडायचं ते पोटातून

सोमवार, ४ ऑगस्ट

आज दिवसभर मरत होते. सकाळी गोळ्या लागून, जेवणानंतर आगीत. संध्याकाळी उलीसेस म्हणाला, "कोकोबाई, कड्यावरून पडायचं राहिलंय, ते उद्या घेऊ." मी म्हटलं, आत्ताच ढकल बाबा, उद्या मला दात काढायचाय. मग पडले. दोनदा नीट पडता आलं नाही, तिसऱ्यांदा तो काचेपलीकडून म्हणाला, "ह्यात जीव आहे." कड्यावरून पडणाऱ्या बाईत जीव आहे म्हणे!

एके काळी मी राण्यांना आवाज द्यायचे. परदेशी मालिकांतल्या राण्या, विधवा, एक जोगीण — सगळ्या माझ्या तोंडून बोलल्या. आता राण्यांना तरुण गळे लागतात. मरायला मात्र वयाची अट नाही. व्हिडिओ गेममध्ये गावं जाळतात, आणि जळायला बायका लागतात, त्याही ढिगानं. स्टुडिओत रेकॉर्डिंग घेणाऱ्या उलीसेसच्या कागदावर फक्त 'छोटं मरण' नाहीतर 'लांब मरण' असं लिहिलेलं असतं. छोटं म्हणजे नुसतं 'हां'. लांब म्हणजे आधी किंकाळी, मग गडगडणं, मग घरघर. मी लांबवाली आहे. छोटी मरणं नव्या पोरींना देतात.

मंगळवार, ५ ऑगस्ट

दात काढला. हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाला, किती सोशीक आहात. मी म्हटलं, ओरडायचे मी पैसे घेते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नवीन खेळाचे कागद आले. गावकरी बाईला एकच वाक्य — वाक्य कसलं, शब्द — "सोकोर्रो!" धावा, वाचवा. पळताना, पडताना, जळताना, सगळीकडे तेच.

आता गंमत अशी की माझं नावच सोकोर्रो. आईनं देवीच्या नावावरून ठेवलं — संकटात धावून येणारी माता. देवीला शोभतं ते. शाळेत मैदानावर कोणी माझं नाव घेऊन ओरडलं की मास्तर पाण्याची बादली घेऊन यायचे. म्हणून मी कोको झाले आणि कोकोच राहिले. आई गेल्यापासून सोकोर्रो म्हणतं ते फक्त करखातं. आणि आता मी स्वतः — दिवसभर स्वतःच्याच नावानं बोंबलायचं, मरेपर्यंत.

घरी तालीम केली. चौथ्या 'सोकोर्रो'ला खालून केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकलं गेलं. फिदेन्सियो! जुना ट्रॉलीबसवाला, एकटा राहतो, सदा कुरकुर.

मी हे काम सुरू केलं तेव्हा पहिल्या किंकाळीला हाच म्हातारा हातात पाना घेऊन वर धावत आला होता. गुडघा दुखरा, चपला उलट्या घातलेल्या. "कुठाय तो?" म्हणाला. कोण तो? कोणी नाही. मी माझी मी मरतेय. मी त्याला घाबरल्यावर खायचा पाव दिला. खाल्ला बिचाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी परत धावत आला, परत पाव. तिसऱ्या वेळी इमारतीतल्या कोणीतरी पोलीस बोलावले. तो पोलीस माझ्या जुन्या राणीचा भक्त निघाला, सही घेऊन गेला. मग हळूहळू सगळ्यांना सवय झाली. मी वर जळत असते, खाली चाबेला — आमची दारवानबाई — जिना पुसत गाणं म्हणत असते. ओरडा ऐकून कबुतरंसुद्धा उडत नाहीत.

फिदेन्सियो ठोकतो, तेसुद्धा हल्ली सवय म्हणूनच. आधी ठोकायचा, मग रेडिओ मोठा करायचा. आता बहुतेक वेळा नुसता रेडिओ.

बुधवार, १३ ऑगस्ट

येसेनिया आली होती. माझी भाची, मानसशास्त्र शिकते, आणि सगळ्यांकडे आपण आजारी असल्यासारखी बघते. तिचा प्रबंध आहे — मारामारीचे खेळ खेळून माणसाला दुसऱ्याच्या दुखण्याचं काही वाटेनासं होतं का. बोटांना तारा लावायच्या, पडद्यावर भयंकर चित्रं दाखवायची. माणूस हादरला की बोटांना घाम सुटतो आणि रेघ वर उडते. खेळणाऱ्या पोरांची रेघ कमी उडते, असं तिचं म्हणणं.

"मावशी, तू खेळत नाहीस, पण खेळात मरतेस. तुला कुठल्या रांगेत घालू तेच कळेना. बस जरा."

बसले. मोटारींचे अपघात झाले, आगी लागल्या, कोणीतरी कोणाला तरी कुऱ्हाडीनं — जाऊ दे. रेघ इस्त्री केल्यासारखी. येसेनिया यंत्राला थापट्या मारू लागली. मग अचानक रेघ टुणकन उडाली! पोरगी खूश. "मावशी, इथं हादरलीस! ह्या बाईला मारतात तिथं!"

हादरले कसली. बाईचे ओठ मिटले आणि किंकाळी नंतर आली. इतकं भिकार काम कोणी केलं?

येसेनियानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

येसेनियाला न खेळणारी माणसंही हवी होती, तुलनेसाठी. मी म्हटलं, खाली एक म्हातारा आहे, त्यानं बटणं दाबली असतील ती ट्रॉलीबसचीच. नेलं तिला.

फिदेन्सियोची रेघ माझ्याहून सपाट! गोळ्या, किंकाळ्या, रक्त — म्हातारा जांभई देतोय. येसेनिया रडकुंडीला आली. "आजोबा, तुम्हाला काहीच वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटतं ना. ह्या बाईपेक्षा कोकोबाई बऱ्या ओरडतात."

"मावशी, तू माझा नमुना नासवलास," ती जिन्यात म्हणाली. "एकानं सिगारेट ओढायची आणि दुसऱ्याला खोकला, तशातली गत." मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हातारा मेला कधी कौतुक करत नाही.

एक मात्र तिला कळलं नाही. दोन चित्रफितींच्या मधे पडदा काळा होतो, आवाज बंद. त्या रिकाम्या जागी फिदेन्सियोची रेघ उडाली. दर वेळी. यंत्र बिघडलंय म्हणाली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

येसेनियाचा फोन. उपदेश. म्हणे, मावशी, तू बधिर होत चालली आहेस, उद्या कोणी खरंच मदतीला बोलावलं तर तुला कळणार नाही.

मला! आयुष्य किंकाळ्यांत गेलं माझं. सोनाराला कोणी सांगतं का, तुला पितळ कळणार नाही म्हणून? खऱ्या किंकाळीत श्वास आधी अडकतो, मग आवाज येतो, आणि शेवट कधीच सुबक नसतो. खरी किंकाळी मी झोपेतसुद्धा ओळखीन. तिला हेच सांगितलं आणि फोन ठेवला.

सोमवार, २५ ऑगस्ट

घसा बसला. उलीसेस म्हणाला, आठवडाभर मरू नका. दिवसभर घरात मुकाट्यानं पडून.

संध्याकाळी दार वाजलं. फिदेन्सियो. एका हातात कठडा, एका हातात झाकण ठेवलेला पेला — मध, लिंबू, दालचिनी. एक मजला चढून धापा टाकतोय. मी खुणेनं विचारलं, काय?

"सकाळपासून एकदाही मेला नाहीत," म्हणाला. "म्हटलं, खरंच मेलात की काय."

पेला ठेवला आणि गेला. मला हसू आलं, मग उगाच भरून आलं. त्या काळ्या पडद्यावर त्याची रेघ का उडत होती, ते आता कळलं. येसेनियाला सांगायला हवं, यंत्र चांगलंय.

मंगळवार, २ सप्टेंबर

इमारतीत मोठा पेच. पंधरा तारखेची स्वातंत्र्याची आरोळी कोण देणार? राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या गच्चीतून देतात तशी आमच्याकडे पहिल्या मजल्यावरून इमारतीच्या मधल्या चौकात देतात. चाबेलाची पक्की शिस्त आहे — पोरांसाठी आठ वाजता, मग पोसोले, मक्याचा रस्सा. इतकी वर्षं तळमजल्यावरचा गुरुजी फिदेन्सियोच्या गच्चीत येऊन द्यायचा, तो मुलीकडे केरेतारोला गेला. चौकावर गच्ची आहे फक्त फिदेन्सियोला. चाबेलानं फर्मान काढलं, तुम्हीच द्या.

म्हातारा रात्री जेवणाआधी वर आला. टोपी हातात. "कोकोबाई, माझा आवाज जिन्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. चौकात हसं होईल."

मी ताबडतोब शिकवायला सुरुवात केली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

विद्यार्थी म्हणून फिदेन्सियो — दगड. "व्हीवा!" — विजय असो — म्हणायला सांगितलं तर शिंकल्यासारखं करतो. घशातून ओरडतो, मान ताणून. मी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, इथून. तो लाजून लाल. "बायको गेल्यापासून कोणी पोटावर हात ठेवला नाही," म्हणाला. मी म्हटलं, चावटपणा पुरे, श्वास घ्या.

बुधवार, १० सप्टेंबर

आता पद्धत ठरली. तो खाली त्याच्या घरात ओरडतो, मी वर माझं काम करत ऐकते, चुकलं की उलथण्यानं फरशी ठोकून सांगते — "पोटातून, फिदेन्सियो, पोटातून!" इतकी वर्षं त्यानं छत ठोकलं, आता मी फरशी ठोकते. मजा वाटते.

आज तिसऱ्या 'व्हीवा'ला चाबेला जिन्यात थांबून ऐकत होती. मला वाटतं, ह्या वर्षी आमचा चौक गाजणार.

शनिवार, १३ सप्टेंबर

शेवटचा धडा. म्हातारा घाबरलाय, पण कबूल करत नाही. गच्चीत कागदी पताका लावायच्यात, झेंडा टांगायचाय, कपड्यांना इस्त्री करायचीय — हजार कामं सांगत बसला. मी म्हटलं, कामं कोणीही करील, आवाज तुमचा तुम्हालाच राखायचाय. उद्या दुपारी एकदा तालीम. त्यानंतर सोमवारी संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोमट पाणी, गप्प बसायचं, काही लागलं तरी बोलायचं नाही. आम्ही मोठ्या कामाआधी असंच करतो.

"रेडिओ चालेल ना?" म्हणाला. रेडिओ चालेल.

रविवार, १४ सप्टेंबर

आजचं लिहायलाच हवं.

दुपारी कांदा चिरत होते. खाली काहीतरी धपकन पडलं — म्हातारा घरात सामान ओढतो तेव्हा होतं तसं. रेडिओवर बोलेरोचं गाणं चालू होतं. आणि मग:

"सोकोर्रो!"

आधी वाटलं कान वाजले. ह्या नावानं मला हाक मारणारं आता आहे कोण! फिदेन्सियो तर कायम कोकोबाई. इतकी सलगी कधीपासून? मग उलगडा झाला. आरोळीत वीरांची नावं घेतात, आणि प्रत्येक इमारतीत शेवटी एखादं घरचं नाव गमतीनं घालतात. गुरुजी दर वर्षी चाबेलाचं घालायचा, पोसोले जास्त मिळावं म्हणून. म्हाताऱ्यानं माझं घातलं! तेही कोको नाही, पूर्ण नाव. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

पण शिकवणाऱ्यानं विरघळून चालत नाही. आवाज घशातला होता. पातळ, चढा, शेवटाला फाटलेला. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! मी उलथणं घेतलं, फरशी ठोकली, ओरडले, "पोटातून, फिदेन्सियो, पोटातून!"

थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, रुसला. आणि मग आला तो आवाज. "सोकोर्रो!" अगदी तळातून उठलेला, भरलेला, भिंती हलवणारा. शेवटी किंचित थरथर. ती थरथर मी शिकवलेली नाही, ती त्याची स्वतःची. स्टुडिओतल्या पोरींना वर्षभरात जमत नाही ते ट्रॉलीबसवाल्याला दोन आठवड्यांत जमलं.

मी खिडकीत जाऊन टाळ्या वाजवल्या, ऐकू जाव्यात म्हणून. "झकास! आता उद्यापर्यंत एक शब्द नाही!"

आणि खरंच गप्प झाला. इतका आज्ञाधारक असेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळभर मी माझी लांब मरणं घोकली, खालून ठोकणं नाही की कुरकुर नाही. उद्या काळा झगा घालीन, मोत्यांचे डूल घालीन. आपलं नाव चौकात घेतलं जाणार असेल तर माणसानं नीटनेटकं असावं.

सोमवार, १५ सप्टेंबर

दुपार. अजून गप्प आहे. शाबास! फक्त रेडिओ.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल आठ वाजता सगळे चौकात जमलो. पोरांच्या गालांवर रंग, चाबेलाचं पातेलं उकळतंय, येसेनिया पण आली होती. मी डूल घालून पुढे उभी. मीच सगळ्यांना सांगत होते — थांबा, आज एक गंमत आहे. गच्चीत झेंडा नव्हता. पताका एका बाजूनं लावलेली, दुसरं टोक खाली लोंबत होतं. दिवा बंद, रेडिओ चालू. मला वाटलं, नाट्यमय प्रवेश करणार. मीच शिकवलं होतं, लोकांना थोडं थांबवा.

पोरं ताल धरून ओरडू लागली — फिदेन्सियो! फिदेन्सियो! मीही ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

शेवटी चाबेला किल्ली घेऊन वर गेली. मी मागोमाग.

खोलीत, गच्चीच्या दाराशी पडला होता. स्टूल उलटं, अंगावर कागदी पताका, हिरव्या-पांढऱ्या-लाल. पाय वेडावाकडा वळलेला. डोळे उघडे होते, ओठ पांढरे पडून चिरलेले. जिवंत होता. आम्हाला बघून तोंड हललं, आवाज आला नाही.

रुग्णवाहिका आली, नेलं. चौकात सगळे उभेच. चाबेला म्हणाली, "कालपासून पडला असणार. मी कालचा दिवस बहिणीकडे, बाकीचेही इकडेतिकडे. पण तुम्ही तर अगदी वर होतात, कोकोबाई. काहीच ऐकलं नाहीत?"

मी म्हटलं, "ऐकलं ना. माझं नाव घेत होता."

चाबेलानं माझ्याकडे पाहिलं. येसेनियानं पाहिलं. आणि मग मला माझं बोलणं ऐकू आलं.

सोकोर्रो. धावा, वाचवा. तो मला हाक मारतच नव्हता. जो कोणी ऐकेल त्याला मारत होता. आणि ऐकलं मी. श्वास आधी अडकला होता, शेवट फाटलेला होता. सगळं होतं त्यात, मीच सांगते ते सगळं, आणि मी त्याला म्हटलं, नीट ओरड. टाळ्या वाजवल्या. वर त्याला गप्प बसायला सांगितलं, आणि संध्याकाळभर त्याच्या डोक्यावर मरण्याची तालीम केली. तो खाली ऐकत पडला होता.

चाबेलानं पातेल्याशेजारचा पाव उचलून माझ्या हातात दिला, धक्क्यासाठी. परत ठेवला. लाज वाटते आहे. इतकी वाटते आहे की कानातले डूल काढायला आरशासमोर जाववत नाही.

येसेनिया रात्री माझ्याकडेच झोपली. उपदेश केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

बुधवार, १७ सप्टेंबर

उलीसेसला कळवलं, ह्या आठवड्यात येत नाही. तो म्हणाला, फक्त एकच लांब मरण राहिलंय. म्हटलं, छोट्या पोरींना दे.

घर फार शांत आहे. खालचा रेडिओ चाबेलानं बंद केला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

भेटायला सोडलं. खुब्याचं ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आहे, आवाज पार गेलाय. काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ करून गेले होते. त्यानंच बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"दुसऱ्या वेळी पोटातून ओरडलो होतो," म्हणाला. "जमलं होतं ना, कोकोबाई?"

मी हो म्हटलं. जमलं होतं.